मागच्या पंगतीची ओंजळ

९ जुलै

या डायरीत मी लग्नं लिहितो. कोणाचं, कुठे, किती पानं, अक्षता किती वाजता. आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंतची पानं कोरी जातात. यंदा तशी जाणार नाहीत. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, घरात काय शिजतं ते लिहून ठेवा. रोज काही माझ्याने व्हायचं नाही, जमेल तसं लिहीन.

माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या, पोटात गाठ आहे. साधी आहे, ऑपरेशन केलं की सुटली. पण ऑपरेशनला अंगात रक्त पाहिजे आणि तेच नाही. रिपोर्टवर ६.८ लिहिलंय. बाई म्हणाल्या, "दहाच्या वर आणा, मग मी हात लावते. अंगावरून जाणं थांबायला औषध देते. रक्ताच्या गोळ्या देते, पण त्या भरल्या पोटीच घ्यायच्या. बाकी सगळं खाण्यावर आहे. घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच की," सुरेखा म्हणाली.

"आता नाही करायचा."

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी लोधिवलीचा गजा आचारी. चौकपासून खालापूरपर्यंत कोणालाही विचारा. पाचशे पानं असोत नाहीतर हजार, माझ्या हातचं आजवर कुठे कमी पडलेलं नाही. पण घरच्या शेगडीवर मी कधी चहासुद्धा टाकलेला नाही. परतताना सहा आसनी रिक्षात बसल्या बसल्या तेच डोक्यात घोळत होतं. हजार माणसांचं येतं, दोन माणसांचं काय अवघड आहे.

१० जुलै

अवघड आहे.

पिठलं करायला घेतलं. बेसन हातानेच घातलं, हाताला सवय आहे तेवढं. शिजायला लागलं तसं फुगत गेलं. छोट्या पातेल्यातून मोठ्या पातेल्यात आणि मोठ्यातून टोपात. सुरेखा दाराशी बसून बघत होती. म्हणाली, "अवो, वरात यायची हाय काय?"

माझ्या वस्तादांनी मला एक गोष्ट शिकवलेली. सगळं मापून झालं की वर एक ओंजळ घालायची. ती मागच्या पंगतीची. वाढपी, वाजंत्री, मांडववाले, भांडी घासणाऱ्या बाया, ही सगळी माणसं शेवटी बसतात आणि यजमानाने सांगितलेल्या आकड्यात ती कधीच नसतात. त्यांच्यासाठी ती ओंजळ. इतकी वर्षं घालतोय, त्यामुळे आता हात विचारत नाही. दोन माणसांच्या पिठल्यातही ती पडलीच.

वाडगाभर शेजारी सुनंदा वहिनींकडे दिलं. तरी टोप अर्धा. सुरेखा म्हणाली, "तुमी जेवा, मी मागनं बसते." मी जेवून नाक्यावर गेलो. आलो तेव्हा टोप घासून पालथा घातलेला होता आणि ती कुरकुरत होती, की एवढं बेसन कोणी टाकून देतं का.

१४ जुलै

आमची लेक अपेक्षा पुण्यात नोकरीला असते. ती फोनवर व्हिडिओ पाठवते. चार दिवसांत मी जेवढं शिकलोय तेवढं वीस वर्षांत शिकलो नव्हतो. पालेभाजीवर लिंबू पिळायचं, म्हणजे तिच्यातलं लोह अंगाला लागतं. जेवणावर चहा प्यायचा नाही, तो सगळं धुऊन नेतो. भाजी लोखंडी कढईत करायची.

कढईचं ऐकून मी थक्कच झालो. म्हणे कढईतलं लोखंड थोडं थोडं भाजीत उतरतं आणि माणसाच्या रक्तात जातं. माझ्याकडे पाळण्याएवढ्या कढया आहेत. किती पंगतींच्या अंगात माझी कढई गेली असेल आणि त्यांना पत्ताही नाही.

चौकच्या बाजारात वाडीवरची सोमी बसते. तिच्याकडून टाकळा आणि कुर्डू या रानभाज्या आणल्या. जुड्या घेताना भान राहिलं नाही, पोतंच भरलं. ती म्हणाली, "लगीन हाय का रं भाऊ? या दिसांत?"

सगळी भाजी शिजून बसली तरी दोन दिवस पुरली. सुरेखाची कुरकुर चालू असते आणि तोंडही चालू असतं.

२२ जुलै

अहळीव भिजत घातले. चिमूटभर दाणे, राईपेक्षा बारीक. सकाळी बघतो तर वाटी भरून वर आलेले, प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखं आवरण. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ते हेच. मी सुरेखाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अपेक्षाच्या टायमाला माझ्या आईनं मला हेच लाडू दिले व्हते. तुमी तवा खोपोलीला ऑर्डरवर व्हतात."

मी नारळ आणि गूळ घालून लाडू केले. अंदाज चुकलाच. डबा भरून वर परात भरली. परातीतले उघड्यावर राहतील म्हणून सुरेखाने दोन दिवसांत संपवले, आणि मला म्हणाली की तुमचा हात एकदा वैद्याला दाखवा.

१२ ऑगस्ट

८.१!

उद्गारचिन्ह मी मुद्दाम टाकलंय, लग्नाच्या नोंदीत ते कधी लागत नाही. बाईंनी दोनदा आकडा वाचला आणि म्हणाल्या, असंच चालू ठेवा. सुरेखाच्या नखांना किंचित तांबूस झाक आली आहे. मी तिचा हात धरून बसमध्ये बघत होतो तर तिने ओढून घेतला, लोक बघतात म्हणाली.

हिरवी भाजी, काळी नाचणी, पिवळा गूळ. आणि आत जाऊन लाल. आयुष्यभर मी जेवण फक्त पानापर्यंत पोचवलं. पुढे त्याचं काय होतं हे कधी मनातच आलं नाही. पान उचललं की माझं काम संपायचं.

१६ ऑगस्ट

अपेक्षा सुट्टीला आली आणि तिने फ्रिज उघडला. आत तीन प्रकारच्या आमट्या, बुरशी आलेली अर्धी दुधी, काळी पडलेली कोथिंबीर, मऊ झालेले टोमॅटो.

"पप्पा, हा फ्रिज आहे की लग्न उठल्यावरचं कोठीघर?"

आमच्या धंद्यात सकाळी आणलेलं संध्याकाळी संपतं. माल टिकवायचा असतो, ही कल्पनाच मला नवीन. पोरीने मला बसवून शिकवलं. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवायचे नाहीत. मिरच्यांची देठं काढायची. पालेभाजी न धुता कापडात गुंडाळायची, धुवायची ती चिरायच्या आधी. कोथिंबीर मुळांसकट ग्लासात उभी करायची. आणि रांधताना हाताने नाही, वाटीने.

"आणि शिळं उरू देऊ नका पप्पा. मम्मी ते उरलंसुरलं खात बसते. तिला ताजं आणि मोजकं मिळालं पाहिजे. शिळं खाऊन कुठे रक्त वाढतं?"

मला पटलं. मी कोठीतल्या लहानात लहान दोन वाट्या काढल्या. सुरेखा आत भांडी लावत होती.

२४ ऑगस्ट

ओंजळ सुटली. पहिले चार दिवस हात आपोआप डब्याकडे जायचा, मी त्याला दुसऱ्या हाताने धरायचो. आता जात नाही. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, मोजून चार भाकऱ्या. पातेलं पुसून निघतं, शीतसुद्धा राहत नाही. सखाला फोन करून सांगितलं. सखा पळसदरीचा, माझा मुख्य वाढपी. तो हसत सुटला. म्हणाला, "दादा, तुमी नि वाटी? सोनार झालाव काय?"

कोथिंबीर ग्लासात आठवड्यापासून उभी आहे. रोज पाणी पिते. मांडवात मी कोथिंबिरीचे ढीग कोयत्याने तोडतो, तिला तहान असते हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी उठल्यावर आधी तिच्याकडे जातो.

२९ ऑगस्ट

दीड दिवसाचे गणपती काल गेले. मोदक मीच केले, मोजून. आल्यागेल्याला सुरेखाने दिले. मी विचारलं, तू किती खाल्लेस? म्हणाली, "पोट भरलं माझं बघूनच. किती सुबक झालेत." आचाऱ्याला यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मी दिवसभर त्याच खुशीत होतो.

४ सप्टेंबर

आज डबे उघडून बघितले आणि नवल वाटलं. नाचणीचं पीठ महिन्याच्या सुरुवातीला आणायचं असं ठरलं होतं, अजून निम्मं आहे. गूळ आहे. तूप आहे. दुसऱ्या खेपेला केलेले अहळिवाचे लाडू तर जसेच्या तसे, डब्यात नीट बंद करून ठेवलेले. औषधाच्या गोळ्यांची पाकिटंसुद्धा पुरून उरली आहेत, नवीन आणायला लागलं नाही.

हे सगळं त्या वाटीचं काम. एवढ्याशा वाटीत एवढं सामर्थ्य असेल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आई म्हणायची, मापाने रांधलं की लक्ष्मी घरात बसते. मी तेव्हा आईला चिक्कू म्हणायचो.

जेवताना सुरेखाला म्हटलं, "आपल्या घराला बरकत आली गं."

ती "हाय की" म्हणाली आणि तिसरी भाकरी माझ्या ताटात घातली. म्हटलं, तुला? तर म्हणे मी मघाशी खाल्लं.

१२ सप्टेंबर

७.४.

बाईंनी विचारलं, "खाणं कसं आहे?" मी ही डायरी उघडून वाचून दाखवली. नाचणी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग, लिंबू, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग सुरेखाकडे वळून विचारलं, "तुम्ही काय खाता?"

"त्यांनी वाचलं ना, तेच," सुरेखा म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती.

बाई म्हणाल्या, गाठ वाढतेय. दिवाळीपर्यंत आकडा चढला नाही तर रक्त चढवून घाईत ऑपरेशन करावं लागेल, आणि ते त्यांना नको आहे. परतताना सुरेखाच मला समजावत होती, की तुमी एवढं करताव, माझंच आंग वाईट.

अपेक्षा फोनवर रडली. मग म्हणाली, मम्मी चोरून चहा पीत असेल.

१४ सप्टेंबर

सुनंदा वहिनींना गाठून विचारलं. सुरेखा दुपारची त्यांच्याकडे जाऊन बसते.

"चा? नाय भावजी. बसते घटकाभर, पन चा नाय घेत. तुमीच बंदी घातलीया ना."

म्हणजे चहाही नाही. टिप्स सगळ्या पाळल्या, माल ताजा, कढई लोखंडाची. पाचशे पानांच्या भातात खडा लागला तर मी सांगू शकतो कुठल्या पोत्यातला असेल. इथे मला काहीच समजत नाही. देवापुढे बसलो पण काय मागायचं ते सुचेना, आकडाच डोळ्यांपुढे येत होता.

१८ सप्टेंबर

आज जे बघितलं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सीझनच्या आधी भांडी कल्हईला जातात. सखा आणि पोरं ती घेऊन पेणहून येणार होती, दुपारी इथेच जेवणार होती. म्हणून मी आज वाटी बाजूला ठेवली. वालाचं बिरडं केलं, वाल सुरेखाने कालपासून सोलून दिलेले. तांदळाच्या भाकऱ्या, भात, खोबऱ्याचं वाटण. कितीतरी दिवसांनी मोठं पातेलं शेगडीवर चढलं, हात नुसता नाचत होता. वरून ओंजळही पडली.

मग सखाचा फोन आला. टेंपो वाटेत बंद पडलाय, संध्याकाळ होईल, आम्ही इथेच वडापाव खातो.

मी माझं जेवण उरकलं आणि एक टोप घेऊन सुनंदा वहिनींकडे निघालो. त्यांच्या दाराला कुलूप. कोणीतरी म्हणालं, भिसेगावला लेकीकडे गेल्यात. तसाच टोप घेऊन मागच्या दाराने घरात आलो.

सुरेखा पातेल्यापुढे बसली होती. मांडी घालून, नीट. तिने भाकरी मोडली, बिरड्यात बुडवली आणि खाल्ली. मग आणखी एक. मग भात घेतला, त्यावर बिरडं ओतलं आणि हाताने कालवलं. बोटं चाटली. घाई नव्हती, चोरीही नव्हती. चेहरा असा काही शांत झालेला की मी पाऊल उचललं नाही. हजारो माणसं मी जेवताना बघितलीत. माझ्या बायकोला जेवताना मी पहिल्यांदा बघत होतो.

तिला चाहूल लागली. हातातला घास तसाच राहिला.

"टाकायचं व्हतं काय मग?" ती म्हणाली. "एवढं चांगलं बिरडं. नासलं असतं उगा."

"नाही नाही," मी म्हटलं. "खा. तू नाही खाल्लंस तर टाकावंच लागेल."

मी टोप तिच्यापुढे ठेवला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने आतून गोळीचं पाकीट वाजल्याचा आवाज आला.

१९ सप्टेंबर

वहिनी परतल्यावर त्यांना विचारलं, बाया कधी जेवतात. त्या हसायला लागल्या. "काय भावजी, सगळ्यांचं झालं की."

"मग तुमचं पान काढून ठेवता का आधी?"

"आपलं पान आपन काढून ठेवायचं? उरलं ते आपलं. नाय उरलं तर नाय."

रात्रीपर्यंत धीर धरवला नाही. सुरेखाला पाटावर बसवलं, ताट वाढलं आणि समोर बसलो. तिने दोन घास खाल्ले. तिसरा तोंडातच फिरत राहिला. ताटातली भाकरी उचलून झाकणाखाली ठेवली, "तुमाला रातच्याला व्हईल" म्हणाली. ती नाटक करत नव्हती. तिच्या नावाने वाढलेलं तिच्या घशाखाली उतरत नाही.

म्हणजे माझ्या घरात बरकत नव्हती. डबे भरलेले राहत होते कारण ती उपाशी राहत होती. पोट रिकामं म्हणून गोळी नाही, गोळी नाही म्हणून पाकिटं पुरली. जुलैत माझा अंदाज चुकत होता तेव्हा तिचं रक्त वाढलं. मी हुशार झालो आणि ते उतरलं. मांडवात भांडी घासणाऱ्या बाईचीसुद्धा ओंजळ मी धरतो.

एका गोष्टीचा मात्र मला सारखा अचंबा वाटतोय. ही बाई अन्नाला इतकी जपते की ते वाया जाऊ नये म्हणून जेवेल, पण स्वतः जगावं म्हणून जेवणार नाही. देवाने कुठल्या मातीची केली असेल. तिला बदलायला माझ्याकडे दिवाळीपर्यंतचाच वेळ आहे, तेवढ्यात ती बदलायची नाही. तेव्हा मीच बदलतो.

२३ सप्टेंबर

वाट्या माळ्यावर टाकल्या.

२८ सप्टेंबर

उरवणं हीसुद्धा विद्या आहे. पातेलंभर उरवलं तर ती वहिनींकडे पाठवते. मूठभर उरलं तर मांजराला घालते. एका माणसाचं पोट भरेल पण शेजारी द्यायला लाज वाटेल, एवढंच उरलं पाहिजे. हजार पानांचा अंदाज यापुढे काहीच नाही.

काय उरवायचं तेही बघावं लागतं. दुधी टाकून द्यायला तिला फार वाईट वाटत नाही. पण तूप, गूळ, खोबरं घातलेलं काही असलं की तिचा जीव तुटतो. आणि सर्वांत जास्त तुटतो तो तिने स्वतः सोललेल्या वालावर. मग मी तेच उरवतो. नाचणीच्या भाकरीला आधीच तूप लावून ठेवतो. पालेभाजीत खोबरं घालतो आणि लिंबू पिळूनच ठेवतो, म्हणजे ती उद्यासाठी ठेवू शकत नाही. मग "अंदाज चुकला गं" म्हणतो आणि नाक्यावर जातो.

"पुन्यांदा?" ती म्हणते. "आचारी हाव का कोन तुमी?"

मी मान खाली घालतो. परत येतो तेव्हा पातेलं घासलेलं असतं.

५ ऑक्टोबर

कोथिंबिरीचा ग्लास मात्र ठेवलाय. अपेक्षाच्या बाकीच्या टिप्सही पाळतो, त्या खोट्या नव्हत्या. तिला फोनवर खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मी पण तशीच करते. रूमवर सगळ्यांचं झालं की." मी म्हटलं, आजपासून आधी ताट घे आणि मला फोटो पाठव. रोज फोटो येतो.

१३ ऑक्टोबर

सखा आला होता. बाहेर बोलावून हळू आवाजात म्हणाला, "दादा, राग धरू नका. वहिनी सगळ्यांना सांगतात, यांचा अंदाज गेला. रोज उरतंय. गावात बोलनं झालंय. चौकच्या एका लग्नाच्या पार्टीनं दुसऱ्या आचाऱ्याला इचारलं म्हनं."

ज्या आचाऱ्याचा अंदाज गेला त्याला कोणी मांडवाच्या दाराशी उभं करत नाही. ही अब्रू कमवायला माझा जन्म गेला. मी सखाला सांगू शकलो असतो. पण सखाच्या पोटात तीळ भिजत नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते सुरेखाच्या कानावर आलं असतं.

"जाऊ दे गेला तर," मी म्हटलं. "वय झालं."

सखा माझ्याकडे बघतच राहिला. मला हसू येत होतं ते मी खोकल्यावर ढकललं. आत सुरेखा अळूचं फदफदं संपवत होती आणि माझ्या नावाने बोटं मोडत होती.

२२ ऑक्टोबर

दिवाळी. अपेक्षा घरी आहे. सकाळी उन्हात बसून सुरेखा तिच्या केसांना तेल लावत होती. मी सुरेखाच्या नखांकडे बघितलं. तांबडी आहेत. ओठसुद्धा. जिना चढताना ती आता मध्ये थांबत नाही.

टाकळा, वाल, नाचणी आणि माझ्या अब्रूचे तुकडे, हे सगळं तिच्या आत जाऊन रक्त झालं. कसं ते मला कोणी समजावून सांगू नये. मला नुसतं बघायचंय.

२९ ऑक्टोबर

१०.२.

बाईंनी मला विचारलं, काय बदललंत? म्हटलं, माप. ऑपरेशन तुळशीच्या लग्नानंतर लगेच. सीझनची पहिली ऑर्डर मी सखाला दिली. त्याला बजावलं, सगळं झाल्यावर ओंजळ विसरू नकोस.

८ नोव्हेंबर

काल ऑपरेशन झालं. गाठ निघाली, सगळं व्यवस्थित. बाई स्वतः बाहेर येऊन सांगून गेल्या.

आज सकाळी तिला पेज द्यायला सांगितली. सिस्टरनी मापच सांगितलं, एक वाटी, पातळ, जास्त नको. कँटीनच्या माणसाला विनंती करून मी त्याच्या शेगडीच्या एका कोपऱ्यावर पेज केली. इथे काही उरवता येणार नव्हतं. एक वाटी, तिच्याच नावाची, आणि समोर मी आणि अपेक्षा बसलेले. घशाखाली उतरली नाही तर काय, हाच घोर.

अपेक्षाने तिला टेकून बसवलं. मी चमचा पुढे केला. तिने चमचा बाजूला सारला, डबाच तोंडाला लावला आणि सगळी पेज प्यायली. मग डबा तिरका करून आत बघितलं.

"एवढीच?"

"सिस्टरनी एवढीच सांगितलीय."

"नि मागच्या पंगतीची वंजळ?"

मी अपेक्षाकडे बघितलं. तिने मान हलवली, तिने सांगितलेलं नव्हतं.

"मी मुद्दाम उरवतो हे तुला कधीपासून ठाऊक?" मी विचारलं.

"पयल्या दिसापासनं. तुमचा अंदाज कंदी चुकलाय व्हय?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "लोकांनी नावं ठेवली तुमाला. म्या बी ठेवली, नायतर मला कळलंय म्हनून तुमी थांबला असताव." मग छताकडे बघत, "जावा, अजून आना. भूक लागलीया मला."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. अपेक्षानेही नाही. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, पचत असेल तर थोड्या वेळाने आणखी अर्धी वाटी चालेल. मी परत कँटीनमध्ये गेलो. अर्ध्या वाटी पेजेपुरती तांदळाची कणी मापून घातली आणि मग वरून ओंजळ घातली. हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

ती प्यायली आणि झोपली. पातेल्यात उरलं होतं ते मी तिथेच शेगडीपाशी उभा राहून खाल्लं, तळाचं खरवडून. आज मागच्या पंगतीला मी होतो. पेज गार झाली होती आणि मीठ जरा कमी होतं, पण पोट भरलं.